झांज वाजत नाही

४ जून

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

हे पत्र हातात पडलं की आधी खुर्चीवर बस. मी उभ्याने पाहिलं, ती चूक तू करू नकोस. तुझ्या भावोजींनी ड्रम विकत आणले आहेत. हो, ड्रमच. काठ्यांनी बडवायचे. तेही विजेवर चालणारे.

ज्या माणसाने पस्तीस वर्षांच्या संसारात कधी टेबलावर बोटं वाजवली नाहीत, आंघोळीला गेल्यावर कधी गुणगुणला नाही, त्याने त्रेसष्टाव्या वर्षी हे करावं? गेल्या आठवड्यात बाजारातून घरी आले तर बाहेरच्या खोलीत लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभा, त्याला चहूबाजूंनी रबरी थाळ्या लटकवलेल्या. मला वाटलं, डॉक्टरांनी पाठीसाठी काही यंत्र दिलंय. तेवढ्यात हे मधल्या स्टुलावर जाऊन बसले, कानांना हेडफोन लावले आणि डोळे मिटून सुरू झाले. मी पिशवी हातात घेऊन पाच मिनिटं दारातच उभी होते. यांना पत्ताच नाही.

हसू नकोस, मला रडू येतंय. तुला माहीतच आहे, मी बोलायला लागले की हे हातातलं काम खाली ठेवून माझ्या तोंडाकडे बघत ऐकतात. शाळेतल्या बाकीच्या बाया नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगतात, वर्तमानपत्रातून डोकं वर काढत नाहीत म्हणून. मी आपली गप्प बसते, उगाच दृष्ट लागायला नको. आणि आता तोच माणूस रोज तीन तास डोळे मिटून बसतो. आत कानात काय वाजतं ते त्याचं त्याला ठाऊक. मला नुसती रबरावर काठी पडल्याची ठक ठक. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं, खिळ्या, की हा माणूस माझ्या हातून सुटत चाललाय.

म्हणून ठरवलंय की हे जे काय वाजवतात ते मलाही ऐकायचं. दुकानदार म्हणतो, ॲम्प्लिफायर जोडा म्हणजे खोलीभर ऐकू येईल. त्याच्याकडे दोन डझन प्रकार आहेत आणि प्रत्येकाबद्दल तो हाच सर्वांत चांगला असं सांगतो. लहानपणी प्लगात खिळा घालून घरादाराला अंधारात बसवणारा माझा भाऊ गेली तीस वर्षं तीच खोकी उघडून दुरुस्त करतोय, तर परक्याला का विचारू? तू फोनवर हूं आणि बरं यापलीकडे काही बोलत नाहीस, आणि हे तर फोन वाजला की तो माझ्याच हातात कोंबतात. तेव्हा सविस्तर लिही.

वहिनीला सांग, तिचा नवरा अजून ड्रम वाजवत नाही याबद्दल तिने समाधान मानावं. कळावे. निदान तू तरी लोभ वाढता ठेव.

तुझी ताई

९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दुकानातच वाचलं. वाचताना हातातली तारांना डाख द्यायची तापलेली सळई चुकून पँटला लागली, तेव्हा भोकाची जबाबदारी भावोजींची. भावोजी आणि ड्रम! मी दोनदा वाचून खात्री केली की तू दुसऱ्या कुणाबद्दल लिहीत नाहीयेस. तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं तर ती आधी हसली आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाली की निवृत्त माणसांवर लक्ष ठेवायला हवं. तेव्हापासून ती माझ्यावर ठेवते आहे.

आता कामाचं. दुकानदार तुला गिटारचा ॲम्प्लिफायर गळ्यात मारेल, तो घेऊ नकोस. गिटारचा आवाज मधल्या पट्टीतला. ड्रमचा तसा नाही. पायाखालचा मोठा ढोल अगदी जाड, आणि झांज अगदी बारीक, धारदार. गिटारच्या खोक्यात ढोल भरडल्यासारखा निघतो आणि झांजेवर गोधडी टाकल्यासारखं वाटतं. आपल्याला जाडापासून बारीकपर्यंत सगळं सरळ सोडणारा हवा. तुमच्या खोलीला पन्नास वॅट भरपूर झाले. माझ्याकडे एक आहे, गिऱ्हाइकाने नवा घेतला म्हणून जुना सोडून गेला. मी त्याची नस न् नस ओळखतो. उद्याच पाठवतो.

तीन गोष्टी पाळ. ॲम्प्लिफायर सगळ्यांत शेवटी चालू करायचा आणि सगळ्यांत आधी बंद, नाहीतर असा दणका बसेल की खालच्या मजल्यावरून माणसं वर येतील. तो जमिनीवर ठेवायचा नाही, खाली जाड गादीचा तुकडा घाल. आणि भावोजींना म्हणावं, ड्रमला जोडलेल्या बटणांच्या डबीवरचा आवाज अर्ध्यावर ठेवा, बाकीचं ॲम्प्लिफायर बघेल.

आणि हातून सुटत चाललाय वगैरे काय ते! तुझ्याकडे बघत बसणारा असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. वहिनी मला उठता बसता त्यांचा दाखला देते. कळावे, मायेत खंड नको.

तुझा खिळ्या

१८ जून

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

खोकं सुखरूप आलं. गादीचा तुकडा, अर्ध्यावर आवाज, सगळं तुझ्या हुकमाप्रमाणे केलं. यांनी पायाखालचं पेडल दाबलं मात्र, फुलदाणी फळीवरून सरकली, ती मी वरच्यावर धरली. पण पुढची दहा मिनिटं मी जागची हलले नाही. खिळ्या, हे वाजवतात! धडपड नाही, नीट वाजवतात. नवीन लग्न झालं तेव्हा मी यांचा डबा घेऊन कारखान्यात जायची आणि विणकाम खात्याच्या दाराशी थांबायची. आत तीनशे माग एका दमात चालायचे आणि पायाखालची फरशी थरथरायची. अगदी तेच. कुणी शिकवलं यांना?

पण मग हे थांबले. डाव्या हाताच्या वरच्या थाळीवर एकदा मारलं, दोनदा मारलं, खोक्याजवळ जाऊन वाकले आणि म्हणाले की झांज वाजत नाही. हेडफोनमध्येही वाजत नव्हती, म्हणून तर ॲम्प्लिफायरची वाट बघत होते. बाकी सगळं आहे, झांज नाही. मला त्यातलं काय कळतंय? छत्तीस वर्षं ज्याने जॉबर म्हणून मागांची दुरुस्ती केली, नुसतं जवळ जाऊन उभं राहिलं की कुठला भाग ढिला झालाय ते सांगितलं, जॉबरचा कान म्हणून कारखान्यात ज्याचा दाखला द्यायचे, तो म्हणतोय म्हणजे नसणारच.

तेव्हा खोकं परत पाठवते आहे. तुझी ती नस न् नस पुन्हा एकदा तपास. रागावू नकोस, बहिणीवर राग धरणारा माझा भाऊ नव्हे.

तुझी ताई

२४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझ्या तीस वर्षांच्या धंद्यात माल परत आला नव्हता. तो आला तोही सख्ख्या बहिणीकडून. खोकं उघडलं, प्रत्येक सांधा तपासला, बारीक आवाजाचा छोटा स्पीकर काढून दुसऱ्यावर लावून पाहिला. दोन दिवस दुसरं काम घेतलं नाही. झांज वाजते, ताई. अशी वाजते की समोरच्या चष्मेवाल्याने दुकानात येऊन हात जोडले.

तरीही भावोजी म्हणतात म्हटल्यावर मीच माझ्यावर संशय घेतला. त्यांच्या कानापुढे माझी मापं काय! कदाचित प्रवासात एखादी तार हलली असेल आणि परत येताना पुन्हा बसली असेल, असंही होतं. आता दुसरा पाठवतोय. हा मोठा, शंभर वॅटचा, बारीक आवाजासाठी वेगळा कर्णा असलेला. ट्रेबल असं लिहिलेलं बटण आहे, ते उजवीकडे फिरवलं की झांज पुढे येईल. यावरही नाही वाजली तर मी दुकानाला कुलूप लावून भावोजींकडे शिकाऊ म्हणून राहीन.

कळावे. अपमान गिळून लोभ पूर्वीइतकाच आहे.

तुझा खिळ्या

२ जुलै

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

लाव कुलूप. नाही वाजत.

ते ट्रेबल यांनी पार टोकाला नेलं, बाकीची बटणंही फिरवून झाली. दोन दिवस खोक्याला कान लावून बसत होते. त्यात खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई तणतणत आल्या. म्हणाल्या की ढोलाचं त्यांना काही नाही, पण ते पत्रा कापल्यासारखं जे चाललंय त्याने डोक्यात सुया टोचतात, सुईत दोरा ओवता येत नाही. मी माफी मागितली. त्या आमच्या अंगणातल्या पाईपच्या कामाबद्दल म्हणत असतील, तिथेही काहीतरी कापाकापी चालू आहे.

काल मात्र यांनी काठ्या पुसल्या आणि कपाटात ठेवून दिल्या. म्हणाले की मेहुण्याला उगाच त्रास, आपल्यालाच नीट मारता येत नसेल, या वयात नसते उद्योग. मला वाटलं होतं की ही ब्याद गेली तर मी सुस्कारा टाकीन. पण खोलीच्या मधोमध तो सांगाडा उभा आणि हे खिडकीशी पाठ करून बसलेले, हे बघवत नाही. काहीतरी कर. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तुझी ताई

५ जुलै

ती. ताईस,
सा. न.

घाईत लिहितोय. खोकं परत पाठवू नकोस.

दोनच प्रश्न. झांजेच्या थाळीवर तू स्वतः काठी मारून बघ. तुला ऐकू येते का? मी आजवर हे तुला विचारलंच नाही आणि तू सांगितलं नाहीस. शिवणकामवाल्या बाईंनी पाईपवाल्यांबद्दल तक्रार केलेली नाही, हे मी इथे बसून सांगतो.

दुसरं. भावोजी खोलीत असताना त्यांच्या पाठीमागे उभी राहा, त्यांना तुझं तोंड दिसणार नाही अशी, आणि नेहमीच्या आवाजात काहीतरी बोल. काय होतं ते लगेच कळव. देव करो आणि मी मूर्ख ठरो.

खिळ्या

९ जुलै

चि. खिळ्यास,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, समजून घे.

झांज मला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होती. दात शिवशिवतील इतकी. मला वाटलं, ही झांज नव्हेच, खरी झांज आणखी काही वेगळी असेल, यांच्या कानाला कळते ती.

मग दुसरं. हे टेबलाशी बसून वायरी गुंडाळत होते. मी मागे उभी राहिले आणि चहा टाकू का विचारलं. वायर गुंडाळणं चालू. मोठ्याने विचारलं, तरी तेच. शेवटी मी म्हटलं की मी घर सोडून चाललेय, पुन्हा येणार नाही. यांनी वायरीची छान गुंडाळी केली, तिला दोरा बांधला आणि वळून बघितलं. मला पाहून हसले आणि विचारलं की कधी आलीस.

मी मटकन खाली बसले. हे घाबरले, पाणी आणलं. मी समोर बसवून सगळं विचारलं, तर यांचाच चेहरा पांढराफटक पडला. कारखान्यात त्या गोंगाटात कुणालाच काही ऐकू जात नसे, सगळे एकमेकांच्या ओठांवरून बोलणं समजून घ्यायचे. ती सवय घरीही लागली. कान कधी गेले ते यांना कळलंच नाही. माझं बोलणं तर सगळ्यांत सोपं, म्हणे. मी मुलांना शुद्धलेखन घालणारी मास्तरीण, एकेक अक्षर तोंड भरून बोलते. बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे मला बरोबर का नेतात ते आज कळलं. मी त्याला भिडस्तपणा समजत होते. आणि माझ्या तोंडाकडे बघत ऐकणं, ज्याचा मी मनातल्या मनात एवढा तोरा मिरवला, ते काय होतं तेही कळलं.

पण खिळ्या, खरा घाव हा नाही. तो कुणालाच सांगितला नव्हता, तुला सांगते. बारा वर्षांपूर्वी यांना एका विणकाम शिकवणाऱ्या संस्थेतून फोन आला होता. शांत जागा, मुलांना शिकवायचं, पगारही बरा. गाव लांबचं. फोन अर्थातच मी घेतला, आणि माझी शाळा सुटेल म्हणून मीच परस्पर सांगितलं की यांना यायचं नाही. यांना ताकास तूर लागू दिली नाही. सहा महिने मला अन्न गोड लागलं नाही. शेवटी एके दिवशी जेवणानंतर मी नळाखाली भांडी विसळत होते, हे माझ्या मागे उभे राहून पुसत होते, तेव्हा सगळं सांगून टाकलं. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती म्हणून भिंतीकडे बघत सांगितलं. हे एक शब्द बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, केवढं मोठं मन, न बोलता माफ केलं. त्या माफीवर मी बारा वर्षं जगले आहे.

यांनी ते ऐकलेलंच नाही. आणि त्या फोननंतर नऊ वर्षं हे त्याच गोंगाटात उभे होते.

मी आता काय करू?

ताई

१२ जुलै

प्रिय मेहुण्यास,
स. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही हे आपण जाणताच. पण आपले दोन्ही ॲम्प्लिफायर निर्दोष असताना मी त्यांना नावं ठेवली, त्याची माफी मागणं भाग आहे. बिघाड माझ्यात निघाला. बिघडलेला भाग स्वतःला निर्दोष समजतो, हे मी छत्तीस वर्षं पाहत आलो. तरी स्वतःच्या बाबतीत लक्षात आलं नाही.

ओठ वाचतो हे मला ठाऊक होतं. कान गेले हे ठाऊक नव्हतं. जी वस्तू ऐकू येईना ती बंद पडली असं मी धरत गेलो. दारावरची घंटा मी दोनदा बदलली. पाखरं कमी झाली, असं मी फिरायला येणाऱ्या लोकांना सांगत होतो आणि तेही मान हलवायचे. मागाचा दोष मी कानाने ओळखतो असं लोक म्हणत. मी सांगाड्यावर हात ठेवून ओळखत असे. कुणाची समजूत मोडली नाही एवढाच माझा गुन्हा.

ड्रम का घेतले ते हिला अजून नीट सांगता आलेलं नाही. निवृत्त झाल्यापासून घरात फार शांत वाटत होतं, सगळं लांबून चालल्यासारखं. वाद्यांच्या दुकानासमोर उभा होतो, विक्रेत्याने आत बोलावून बसवलं. पेडल दाबलं आणि तो ठोका पायातून कण्यापर्यंत गेला. तीन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी पुरतं ऐकू आलं. दुकानात माझे डोळे भरून आले. आपण पुरुष आहात, कुणाला सांगू नये.

हिला जबर धक्का बसला आहे. जेवत नाही, माझ्याकडे बघत नाही. बघितलं नाही की मला काही कळत नाही, हे तिच्या ध्यानात येत नसावं. तिला समजवा की यात कुणाची चूक नाही. कारखाना सोडावा असं माझ्याही मनात अनेकदा येई. पण दुसरीकडून कधी बोलावणं आलं नाही. आलं असतं तर गेलोही असतो. नशिबात नव्हतं, त्याला ती काय करणार?

आपल्या घरी सर्वांना नमस्कार. स्नेह आहे, तो असाच राहावा.

आपले भावोजी

१६ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भावोजींचं पत्र आलं. त्यांनी लिहिलंय की दुसरीकडून कधी बोलावणं आलं नाही, आलं असतं तर गेलो असतो. हे त्यांचं गाऱ्हाणं नाही, ते तुझी बाजू घेऊन लिहितायत. मी भिडेने आणि तू भीतीने त्यांना फसवत राहायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. ताई, सांग त्यांना. उशीर झालाय, पण माणूस समोर आहे.

तोंडावर सांगवत नसेल तर एक मार्ग आहे. मोठ्या ॲम्प्लिफायरला मागच्या बाजूला दुसरं भोक आहे, माइकसाठी. सोबत एक माइक पाठवतोय. बेस, म्हणजे जाड आवाज, पूर्ण खाली आण, ट्रेबल तीन चतुर्थांश वर. आवाज हळूहळू वाढव, एकदम नाही. जो बारीक भाग त्यांच्या कानातून गळून गेलाय तोच त्याने पुढे येईल. भावोजींना कर्ण्यासमोर बसव. तू पाठ फिरवून बोललीस तरी शब्द पोचतील असं मला वाटतं. माझं आजवर काय काय चुकलं ते बघता छातीठोकपणे सांगत नाही.

हा इलाज नव्हे. आधी कानाच्या डॉक्टरांकडे जा, यंत्र मिळतं, खूप फरक पडतो. आणि हेडफोन कपाटात टाका, उरलंसुरलं तरी राहील.

या चुकीत मीही आहे. बटणांवर दोन पत्रं लिहिली, पण कानांबद्दल विचारायचं मला आधी सुचलं नाही. वहिनी तुझी रोज आठवण काढते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा खिळ्या

२७ जुलै

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

आज हात उचलला, म्हणजे बरी आहे असं समज.

रविवारी दुपारी तुझ्या सांगण्याप्रमाणे सगळं जोडलं. यांना स्टुलावर बसवलं. मी खिडकीकडे तोंड करून माइक धरला, तर आधी नुसता खडखडाटच बाहेर पडला. मग मी बोलले. फोन कुणाचा होता, मी काय उत्तर दिलं, का दिलं, आणि नळाशी उभी राहून एकदा सांगितलं होतं, सगळं. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा सुरू झालं नसतं. मग संपलं. भीत भीत वळले.

यांचे डोळे वाहत होते. मला वाटलं, झालं, पोचलं. पण हे म्हणाले की माझा आवाज असा कधी झाला. घोगरा, थकलेला, अगदी आपल्या आईचा. माझे ओठ हलले की यांना मनात जो आवाज यायचा तो तरुणपणचा होता, म्हणे. मी म्हातारी झाले हे यांना दिसत होतं, ऐकू आलं नव्हतं. तीस वर्षं चाळीस चाळीस पोरांवर ओरडून घशाचं काय झालं ते यांनी त्या दिवशी ऐकलं. आणि मग फार ओशाळून म्हणाले की त्या आवाजाकडेच लक्ष राहिलं, मी काय बोलले ते काही समजलं नाही. पुन्हा सांग.

खिळ्या, मला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं ते कळेना. मी माइक बंद केला, तुझ्या नियमाप्रमाणे ॲम्प्लिफायर आधी बंद केला, खुर्ची ओढली आणि यांच्या समोर बसून तिसऱ्यांदा सांगितलं. हे शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत होते. नंतर उठले आणि माइकची वायर गुंडाळायला लागले. बोलले नाहीत. सोमवारी नाही, मंगळवारीही नाही. आता त्या न बोलण्याला मी मोठं मन म्हणू शकत नव्हते.

बुधवारी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदावर यांच्या ऐकण्याची रेघ काढून दाखवली. अर्ध्यापर्यंत सरळ आणि मग जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली. यंत्र बसेल, पंधरा दिवसांत मिळेल. डॉक्टरांनी विचारलं की गोंगाटात किती वर्षं काढली. मी सांगणार तोच हे म्हणाले की छत्तीस. सत्तावीस पोटासाठी, आणि नऊ हिच्या शाळेसाठी. डॉक्टरांना तो विनोद वाटला, ते खळखळून हसले. आम्ही दोघं हसलो नाही.

दवाखान्याचा जिना उतरताना हे मधल्या वळणावर थांबले आणि माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. विचारलं की मी पहिल्यांदा सांगितलं, त्या नळाशी, तेव्हा हे काय म्हणाले होते. मी म्हटलं, काहीच नाही. ताटली पुसली आणि फळीवर ठेवली, मी ती माफी धरली. खालून एक बाई वर येत होती, तिला वाट दिली. मग म्हणाले की आताही तेच धर. आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन उतरायला लागले.

जास्त काय लिहू? वहिनीला नमस्कार सांग. आहे तो लोभ आम्हा दोघांवर राहू दे.

तुझी ताई